शिक्षा झालेल्या सिस्टरला: पहिले तीस दिवस आणि त्यानंतरचं

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या सिस्टर एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहेत. २०१८ मध्ये रात्रपाळीला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं म्हणून त्यांनी एका तरुण रुग्णाला सेफ्ट्रायअॅक्झोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन शिरेतून दिलं. काही मिनिटांत रुग्ण कोसळला आणि दगावला. डॉक्टर व सिस्टर दोघांवर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली खटला चालला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी डॉक्टरांना निर्दोष सोडलं. सिस्टरना मात्र एक वर्षाची शिक्षा आणि १०,००० रुपये दंड झाला. टेस्ट डोस (अॅलर्जी पाहण्यासाठी आधी त्वचेत द्यायचं थेंबभर औषध) दिला नाही आणि लेखी ऑर्डर नसताना इंजेक्शन दिलं, ही कारणं. अपिलासाठी त्याच न्यायालयाने ३० दिवसांचा जामीन दिला असून त्यातले १२ दिवस गेले आहेत. सिस्टर विचारतात: 'इंग्लंडमधल्या त्या नर्सने फेरतपासणी आयोगाकडे अर्ज केला, तसा मला कुठे करता येईल? सहकारी म्हणतात राज्यपालांना लिही, आरोग्यमंत्र्यांना निवेदन दे. आणि नोकरीचं काय?'

सिस्टर, तसा आयोग आपल्याकडे नाही. निवेदनं बाजूला ठेवा आणि उरलेले १८ दिवस सत्र न्यायालयातल्या अपिलासाठी वापरा. शिक्षेविरुद्ध तुमच्याकडे जी सगळ्यात मोठी फेरतपासणी आहे ती हीच. पुढे वरच्या न्यायालयांत गेलात तर दार दर पायरीला अरुंद होत जातं.

इंग्लंडच्या बातम्यांबद्दल गैरसमज नको म्हणून सांगतो. तिथला आयोग १९९५ च्या कायद्याने आला आणि १९९७ पासून बर्मिंगहॅममधून काम करतो. तो कुणाला निर्दोष ठरवत नाही. नवा पुरावा किंवा नवा मुद्दा आल्यामुळे शिक्षा टिकणार नाही अशी खरीखुरी शक्यता दिसली, तरच तो प्रकरण अपील न्यायालयाकडे परत पाठवतो. तुम्ही म्हणता ती नर्स लुसी लेटबी; तिला अर्भकांच्या खुनांबद्दल २०२३ मध्ये शिक्षा झाली, २०२४ मध्ये अपिलाची परवानगी नाकारली गेली आणि त्यानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तिच्या वकिलांनी आयोगाचं दार ठोठावलं. म्हणजे तिथेही आधी अपील. नेदरलँड्सच्या लुसिया डी बर्क या परिचारिकेची जन्मठेप २०१० मध्ये रद्द झाली. तिचा खटला पुन्हा उघडला तो वैद्यकीय पुरावा आणि आकडेवारी दोन्ही पोकळ असल्याचं तज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर. तुमच्या प्रकरणाचा जीवही वैद्यकीय पुराव्यातच आहे. 'मी वीस वर्षं प्रामाणिक सेवा केली' हे अपिलात लिहायला हरकत नाही, पण त्यावर कुणी सुटत नाही.

ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाल दिला त्यांच्याकडेच 'पुन्हा विचार करा' असा अर्ज करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सही झालेला फौजदारी निकाल तेच न्यायालय बदलू शकत नाही. लेखनातली किंवा आकड्याची चूक तेवढी दुरुस्त होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६२, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४०३.

आता मुदत. अपील सत्र न्यायालयात, जुन्या ३७४(३) म्हणजे नव्या ४१५(३) खाली. मुदत ३० दिवस. निकालाचा दिवस त्यात धरत नाहीत आणि प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवसही वजा होतात. इथेच बरेच जण फसतात. नकलेचे दिवस वजा झाल्याने अपिलाची मुदत लांबते, पण न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला जामीन लांबत नाही. तो आदेशात लिहिलेल्या तारखेलाच संपतो. 'नक्कल उशिरा मिळाली, अजून आठ दिवस आहेत' असं म्हणून थांबलेल्या माणसाच्या नावाने वॉरंट निघू शकतं. म्हणून जामिनाची तारीख हीच शेवटची तारीख समजा. त्या सुमारास दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी येत असेल तर सुट्टीतलं न्यायालय कोणत्या दिवशी बसतं हे आधीच विचारून ठेवा. मुदत गेलीच, तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो. फक्त प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं आणि तोवर डोक्यावर टांगती तलवार राहते.

निकालाची एक प्रत तुम्हाला त्याच दिवशी विनामूल्य मिळायला हवी होती. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीचा तो हक्क आहे. मिळाली नसेल तर आजच मागा. पण अपिलाला निकाल पुरत नाही. नक्कल विभागात अर्ज देऊन सगळ्या साक्षीदारांच्या साक्षी, तुमचा आरोपी म्हणून घेतलेला जबाब, तुमच्यावर काय आरोप आहे हे वाचून दाखवलं तो कागद आणि निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडलेली सगळी कागदपत्रं घ्या: शवविच्छेदन अहवाल, सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीचा अभिप्राय, केसपेपर, पंचनामे. अर्ज तातडीचा करा आणि पोच जपून ठेवा, कारण दिवस वजा करून घेताना तीच दाखवायची असते. सगळं हाती येण्याची वाट बघत अपील अडवून ठेवू नका. निकालाच्या नकलेवर अपील दाखल करून मुद्दे वाढवण्याची मुभा मागता येते.

अपिलासोबत दोन गोष्टी जातात: शिक्षा स्थगित करून जामीन मिळण्याचा अर्ज आणि वकीलपत्र. जामीनदार आधी ठरवून ठेवा. त्याचं ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक लागतं. दंड भरला असेल तर पावती जोडा. भरला नसेल तर भरण्याला स्थगिती मागा, नाहीतर दंड न भरल्याबद्दलची जादा कैद आडवी येते. एक वर्षाच्या शिक्षेत, खटलाभर जामिनावर असलेल्या आणि एकही तारीख न चुकवलेल्या आरोपीला अपील चालेपर्यंत स्थगिती सहसा मिळते. इथे फार घाबरू नका. अपिलाला काही वर्षं लागतील. दर तारखेची नोंद ठेवा. इ-कोर्ट्सच्या अॅपवर तुमच्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते.

वकील बदलायचा असेल तर आधीच्या वकिलांची ना-हरकत सही घ्या. पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सरकारी नोकरीचा पगार आहे म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर हे कलम दाखवा. हेल्पलाइन १५१००. रुग्णालयाचा किंवा सरकारचा वकील तुमची बाजू मांडेल ही आशा ठेवू नका. खटल्यात समोरचा पक्ष शासनच आहे.

आता गाभ्याकडे येऊ. हे वकिलांसोबत बसून करायचं काम आहे आणि त्यातला अर्धा भाग तुम्हीच करू शकता, कारण वॉर्डातलं काम वकिलाला माहीत नसतं.

कलम ३०४-अ साठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: घोर निष्काळजीपणा आणि त्या निष्काळजीपणामुळेच थेट मृत्यू. पहिल्यासाठी आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या निकालाचा. 'घोर' हा शब्द कलमात नसला तरी फौजदारी शिक्षेसाठी हलगर्जी त्या दर्जाची असावीच लागते, असं त्यात म्हटलं आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरेल एवढी चूक तुरुंगासाठी पुरत नाही. त्या निकालात बोलणं डॉक्टरांबद्दल आहे. पण अर्थ लावला आहे तो कलमाचा, म्हणून परिचारिकेलाही तो लागू पडतो हे अपिलात स्पष्ट लिहायला सांगा. निकालाच्या प्रतीत न्यायदंडाधिकाऱ्यांनी 'निष्काळजीपणा' एवढंच म्हटलंय की त्याची पायरीही तपासलीय, ते पेन्सिलीने खूण करून बघा.

दुसऱ्यासाठी दोन जुने निकाल आहेत. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकाची ३०४-अ खालची शिक्षा काढली, कारण परवान्याचे नियम मोडणं आणि मृत्यूचं थेट कारण असणं या वेगळ्या गोष्टी. १९७२ चा अंबालाल भट्ट विरुद्ध गुजरात हा निकाल तर आपल्या क्षेत्राच्या आणखी जवळचा: सलाइनमध्ये लेड नायट्रेट निघालं, रुग्ण दगावले आणि साखळीतल्या एका केमिस्टला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण अनेक हातांतून गेलेल्या कामात त्याचीच कृती मृत्यूचं थेट कारण होती हे दिसत नव्हतं.

तुमच्याविरुद्धचं 'लेखी ऑर्डर नव्हती' हे कारण इथे ठेवून बघा. ऑर्डर लिहिलेली असती तर रुग्णाला रिअॅक्शन आली नसती का? औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच. लेखी ऑर्डर नसणं हा शिस्तीचा भंग असेल, विभागीय चौकशीचा विषय असेल, पण मृत्यूचं कारण तो नाही. तरी ही तुमची दुबळी बाजू आहे हे ओळखून असा. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवून खात्री करणं, वेळेसकट नोंदवणं आणि डॉक्टर आल्यावर सही घेणं ही साधी रीत आहे. ती का झाली नाही याचं उत्तर वकिलांजवळ तयार हवं: त्या रात्री किती रुग्ण, किती सिस्टर, डॉक्टर आवारात होते की गावात. ड्यूटी रोस्टर आणि रिपोर्ट बुक त्यासाठी लागतात.

डॉक्टरांनी 'मी असं काही सांगितलंच नाही' असं म्हटलं असेल तर ते त्यांनी कुठे म्हटलं ते शोधा. शपथेवर साक्ष दिली असेल तर गोष्ट वेगळी. पण आरोपी म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली दिलेल्या जबाबात म्हटलं असेल, तर तो शपथेवरचा पुरावा नाही आणि त्यावर तुमच्या वकिलांना उलटतपासणी घेता आली नाही. एका आरोपीचा असा जबाब दुसऱ्याविरुद्ध वापरून शिक्षा देता येत नाही. निकालात तसं झालं असेल तर तो अपिलातला पहिल्या पानाचा मुद्दा. फोनच्या नोंदी पोलिसांनी घेतल्या होत्या का, हेही दोषारोपपत्रात पाहा. २०१८ च्या नोंदी आता कंपनीकडून मिळणं अवघड. मिळवलेल्या असूनही न्यायालयात आणल्या नसतील, तर ते अभियोग पक्षाच्या अंगावर येतं.

टेस्ट डोसबद्दल जरा सविस्तर. सेफ्ट्रायअॅक्झोनच्या आधी त्वचेत टेस्ट देण्याची सवय आपल्याकडच्या रुग्णालयांत खोलवर रुजलेली आहे. पण औषधाच्या माहितीपत्रकात भर असतो तो रुग्णाला आधी सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रायअॅक्झोनचा औषधगट) किंवा पेनिसिलिनची रिअॅक्शन आली होती का हे विचारण्यावर. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून अॅनाफायलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र अॅलर्जी) होणार नाही याची हमी नसते आणि अत्यंत संवेदनशील माणसात त्या थेंबभर औषधानेही रिअॅक्शन येऊ शकते. तेव्हा 'टेस्ट दिली असती तर जीव वाचला असता' हे विधान कोणत्या साक्षीदाराने, कशाच्या आधारावर केलं? समितीच्या अहवालात एका ओळीत आलं असेल आणि कुणी पुस्तकाचा आधार दिला नसेल, तर शिक्षेचा पाया तेवढाच आहे. उलट बाजूही बघा. तुमच्या रुग्णालयात 'टेस्ट दिल्याशिवाय अँटिबायोटिक नाही' असं लेखी परिपत्रक होतं का? आणि अॅलर्जीचा इतिहास विचारल्याची नोंद केसपेपरवर आहे का? ही दोन उत्तरं वकिलांना आजच सांगा, तुमच्या विरोधात जाणारी असली तरी. सुनावणीत ती पहिल्यांदा सरकारी वकिलांच्या तोंडून कळण्यापेक्षा हे बरं.

मृत्यूचं कारण अॅनाफायलॅक्सिस हे तरी कसं ठरलं? शवविच्छेदनात त्याच्या खुणा अनेकदा ठळक नसतात. स्वरयंत्राला सूज दिसली तर आधार मिळतो, पण ती नसतेही. व्हिसेराच्या (शवातून काढून ठेवलेल्या अवयवांच्या) सी.ए. रिपोर्टमध्ये 'विष आढळलं नाही' येणं म्हणजे अॅलर्जी सिद्ध होणं नव्हे, कारण ती तपासणी विषाची असते. रक्तातल्या ट्रिप्टेजची (तीव्र अॅलर्जीत वाढणाऱ्या घटकाची) चाचणी उपयोगी, पण आपल्याकडे ती क्वचितच होते. उरलेली वायल, सिरिंज, पातळ करायला वापरलेलं पाणी पंचनाम्यात जप्त झालं का? त्याच बॅचची वायल अन्न व औषध प्रशासनाकडे तपासायला गेली का? स्नायूत द्यायच्या सेफ्ट्रायअॅक्झोनसाठी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध वापरतात आणि ते शिरेत गेलं तर घात होतो. ती शक्यता तपासणीत कुणी नाकारली की तिच्याकडे पाहिलंच नाही? (तुमच्या बाबतीत खरंच काय वापरलं होतं हे वकिलांना आधी स्पष्ट सांगा; हा मुद्दा उलटणारा आहे.)

त्यापुढची मिनिटं तर सर्वांत महत्त्वाची. मोठ्या माणसाला अॅनाफायलॅक्सिस झाला तर पहिलं औषध अॅड्रिनलिन: १:१००० च्या द्रावणाचं अर्धा मिली, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. आपल्या वॉर्डांत घाईत आधी हायड्रोकॉर्टिझोन आणि एव्हिल दिलं जातं आणि अॅड्रिनलिन मागे राहतं. त्या रात्री काय दिलं, किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून? इमर्जन्सी ट्रेत अॅड्रिनलिन होतं का? डॉक्टर किती मिनिटांत आले? ट्रेमध्ये औषधच नव्हतं किंवा डॉक्टर पाऊण तासाने आले असं नोंदींवरून दिसत असेल, तर मृत्यूचं थेट कारण तुमची टेस्ट न देणं आहे, हे म्हणणं फार कठीण होतं. कोरा कागद घ्या, डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला घडलेली गोष्ट आणि पुढे ती कोणत्या निशाणीवर किंवा कोणत्या साक्षीत आहे ते लिहा. जी गोष्ट फक्त तुमच्या आठवणीत आहे, तिच्यापुढे काही लिहू नका. वकिलाला याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

समिती कोण होती तेही बघा. तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र आणि त्या विषयातल्या सक्षम डॉक्टरांचं मत घ्यावं, असं जेकब मॅथ्यू निकालात सांगितलं आहे. डॉक्टर आरोपी असलेल्या प्रकरणात त्याच जिल्ह्यातल्या सहकारी डॉक्टरांची समिती कितपत स्वतंत्र, हा प्रश्न रास्त आहे. आणि परिचारिकेच्या कामाचं मोजमाप साधारण कुशल परिचारिकेच्या दर्जाने व्हायला हवं. समितीत नर्सिंगचं कुणी नसेल, तर तो दर्जा कुणी सांगितला?

आणखी दोन तांत्रिक पण धारदार मुद्दे. खटल्याच्या सुरुवातीला वाचून दाखवलेल्या आरोपात नेमकं काय होतं? आरोप 'चुकीचं इंजेक्शन दिलं' असा आणि शिक्षा 'डॉक्टरांना उशिरा कळवलं' यासाठी, असं झालं असेल तर बचावाला संधीच मिळाली नाही असं म्हणता येतं. तसंच तुमच्या ३१३ च्या जबाबात जी परिस्थिती तुम्हाला विचारलीच नाही, ती तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. मात्र नुसती त्रुटी दाखवून भागत नाही, त्यामुळे तुमचं नुकसान काय झालं तेही सांगावं लागतं.

अपिलात नवा पुरावा आणता येतो, जुन्या ३९१ किंवा नव्या ४३२ खाली. न्यायालय तो सहजासहजी घेत नाही. 'खटल्यात का आणला नाही?' हा पहिला प्रश्न असतो आणि 'वकिलांनी सुचवलं नाही' हे उत्तर कमकुवत ठरतं. तरी अर्ज करण्याजोगं एक आहे: सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या भूलशास्त्राच्या किंवा औषधशास्त्राच्या प्राध्यापकाचं लेखी मत. त्यांनी कोणती कागदपत्रं पाहिली, काय निष्कर्ष काढला आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारे, हे त्यात हवं. पुढे न्यायालयात साक्षीला यायची तयारीही हवी. व्हॉट्सअॅपवर आलेलं 'यात सिस्टरची चूक नाही' हे कितीही मोठ्या डॉक्टरचं असलं तरी उपयोगाचं नाही. दुसरं म्हणजे औषध साठा नोंदवही, इंडेंट (औषधांचं मागणीपत्र), रोस्टर. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. केसपेपर मात्र 'तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती' म्हणून नाकारला जाऊ शकतो, तो न्यायालयामार्फत मागवा. जुनी रजिस्टरं निर्लेखनात रद्दीत जातात, म्हणून 'अपील प्रलंबित आहे, हे अभिलेख नष्ट करू नयेत' असं पत्र वैद्यकीय अधीक्षकांना आजच द्या आणि आवक क्रमांक घ्या.

यात काय करायचं नाही तेही. कोणत्याही रजिस्टरमध्ये आता ओळ घालू नका, कुणी घालून देतो म्हटलं तरी. एका शाईच्या फरकाने चांगलं अपील बुडतं आणि नवा गुन्हा दाखल होतो. साक्षीदारांना भेटून 'साक्ष बदला' म्हणू नका. मृताच्या नातेवाइकांना पैसे देऊन मिटवायचा विचार मनातून काढा. ३०४-अ हा आपसात मिटवण्याजोगा गुन्हा नाही, त्यामुळे पैसे जातील आणि शिक्षा तशीच राहील. आणि 'सरकारी नोकर आहात, खटल्याला शासनाची मंजुरीच नव्हती' या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. ते संरक्षण ज्यांना फक्त शासनच नोकरीतून काढू शकतं त्यांच्यासाठी आहे. परिचारिकेची नेमणूक साधारणपणे त्याखालचे अधिकारी करतात.

काही वकील सुरुवातीलाच परिविक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा मार्ग सुचवतील. १९५८ च्या कायद्यात ती सोय आहे आणि तुरुंग टळतो हे खरं. पण दोष तसाच राहतो आणि विभाग मूळ वर्तनावरून कारवाई करू शकतो. आमच्या मते ती मागणी अपिलाच्या शेवटी, 'अन्यथा' म्हणून असावी. युक्तिवादाची सुरुवात तिथून झाली तर न्यायालयाला तुम्हीच चूक मान्य केल्यासारखं वाटतं.

नोकरीचा घोर तुम्हाला जास्त आहे हे पत्रावरून कळतंच. नियम कडक आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे ४८ तासांपेक्षा जास्त कैदेची शिक्षा झाली की, लगेच बडतर्फ केलं नाही तरी, दोषसिद्धीच्या तारखेपासून निलंबित मानलं जातं. त्यामुळे शिक्षा झाल्याचं कार्यालयाला लपवू नका. निकालाची प्रत, अपील दाखल केल्याची पोच आणि स्थगितीचा आदेश एका पत्रासोबत द्या. निर्वाह भत्त्याचा अर्जही त्याच वेळी. दुसरीकडे नोकरी करत नाही हे प्रमाणपत्र दर महिन्याला लागतं. त्याच नियमांतल्या नियम १३ खाली पूर्ण चौकशीशिवाय शिक्षा देता येते आणि अपील प्रलंबित आहे एवढ्यावर विभाग थांबायला बांधील नाही. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या. त्यात निर्दोषत्वाची कहाणी नको. गुन्हा नैतिक अधःपतनाचा नाही, हेतू नव्हता, सेवा निष्कलंक आहे, शिक्षा प्रमाणात असावी, एवढंच.

शिक्षेची स्थगिती आणि दोषसिद्धीची स्थगिती वेगवेगळ्या आहेत हे इथे कामाला येतं. पहिलीने तुरुंग टळतो, नोकरीवरचं गंडांतर टळत नाही. रमा नारंग प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीही थांबवता येते असं मानलं, पण अपवाद म्हणूनच. ती वेगळी, स्पष्ट मागावी लागते आणि न भरून येणारं नुकसान कोणतं हे कागदांनिशी दाखवावं लागतं: सेवेची किती वर्षं, निवृत्तीला किती उरली, नोटीस आली असल्यास तिची प्रत. लाचखोरीच्या प्रकरणांत ती जवळपास मिळतच नाही. तुमचं प्रकरण तसं नाही, म्हणून मागा. बडतर्फीचा आदेश निघालाच तर आधी विभागीय अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुदत साधारण एक वर्ष. (जिल्हा परिषदेच्या परिचारिकांना हे न्यायाधिकरण नाही, त्यांनी विभागीय आयुक्तांकडून पुढे उच्च न्यायालयात जायचं.) अपिलात निर्दोष सुटलात तर बडतर्फीचा आधार जातो आणि पुन्हा रुजू करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण मधल्या काळाचा पूर्ण पगार आपोआप मिळत नाही. नर्सिंग कौन्सिलची नोटीस आली तर तिला वेगळं उत्तर द्या. रुग्णालयाला दिलेलं उत्तर तिथे पोचत नाही.

सत्र न्यायालयात अपील फेटाळलं गेलं तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात पुनरीक्षण. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचं प्रकरण असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. पुनरीक्षणात साक्षीपुरावा नव्याने तोलत नाहीत, कायद्याची चूक किंवा उघड अन्याय बघतात. अपिलाच्या टप्प्यावर वैद्यकीय मुद्दे लिहून ठेवा असं आम्ही का म्हणतोय ते इथे लक्षात येईल. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, तिथे पुनर्विलोकनाची ३० दिवसांची याचिका आणि अगदी शेवटी क्युरेटिव्ह, म्हणजे दुरुस्तीची शेवटची याचिका. राज्यपालांचा दयेचा अधिकार घटनेच्या कलम १६१ मध्ये आहे, पण तो शिक्षा भोगण्यापासून वाचवतो. निकाल चुकीचा होता असं सांगत नाही.

तुमच्यासोबत पत्र वाचणाऱ्या इतर सिस्टरांसाठी एक. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. 'वैद्यकीय लोकांना दोनच वर्षं' असं वॉर्डांत ऐकू येतं, ते अर्धवट आहे. दोन वर्षांची मर्यादा आहे ती नोंदणीकृत डॉक्टरांना, आणि तिथे व्याख्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांपुरती आहे. परिचारिका त्यात येत नाहीत. त्यांना कमाल पाच वर्षांचं सर्वसाधारण कलम लागतं. सिस्टर, तुमची घटना २०१८ ची, म्हणून तुम्हाला जुनीच दोन वर्षांची कमाल मर्यादा. तुमच्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवूही शकत नाही. त्यासाठी शासनाला वेगळं अपील करावं लागेल. तशी नोटीस आली तर ती घेऊन त्याच दिवशी वकिलांकडे जा.